पिशवीतलं पाणी

चंदीगडमध्ये माझ्या घरमालकांनी मला भाड्याची जागा दाखवली ती अंधारात. वीज गेलेली नव्हती. खाली त्यांच्या घरात पंखा फिरत होता, तो जिन्यातून मला स्पष्ट दिसत होता. तरी त्यांनी वरच्या मजल्यावरचं एकही बटण दाबलं नाही, पडदे ओढलेलेच ठेवले आणि "हे स्वयंपाकघर" म्हणत एका काळोख्या चौकोनाकडे बोट केलं. मी मोबाइलचा टॉर्च लावला, तर म्हणाले, "मॅडम, तो तेवढा बंद करा. आजचा दिवस राहू दे." मला वाटलं, भिंतींना ओल असणार. नाशिकला घरमालक ओल लपवायला भिंतीला कपाट लावतात, इकडे दिवा लावत नसतील. तरीही मी जागा घेतली. विद्यापीठात भूगोल शिकवायला म्हणून मी एवढ्या लांब आले होते, महिनाभर गेस्ट हाउसमध्ये राजमा खात होते, आणि हा माणूस चक्क मराठी बोलत होता. ओल तर ओल, असं मी जिना उतरता उतरता ठरवून टाकलं.

ओल नव्हती. मी राहायला गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर आले, पडदा वीतभर सरकवला, "ठीक चाललंय" असं स्वतःशीच म्हणाले आणि खाली गेले. पुढेही रोज येऊन ते पडदा आणखी थोडा सरकवत. पूर्ण उजेड झाला त्या दिवशी मला कळलं की स्वयंपाकघराच्या फरशा गुलाबी आहेत. आधी दिसल्या असत्या तर मी जागा घेतली नसती, हेही खरं.

या सगळ्याचा उलगडा मी खाली चहाला गेले तेव्हा झाला. चहाला बोलावण्यातही त्यांनी बरीच सबुरी दाखवली होती. त्यांच्या बैठकीच्या खोलीत, जिथे लोक टीव्ही ठेवतात, तिथे काचेची लांबलचक टाकी होती आणि तिच्यात मासे होते. सोफा टाकीकडे तोंड करून, खुर्च्या टाकीकडे तोंड करून. पाहुणा आला तर त्याने यजमानाकडे पाहण्याची सोय त्या खोलीत नव्हती. काका, म्हणजे आमचे घरमालक, हवाई दलात विमानातली उपकरणं दुरुस्त करायचे. शेवटची बदली चंदीगडची झाली, मग इथेच निवृत्त झाले, आणि चंदीगडला लागून असलेल्या मुल्लानपूरला शेतं मोडून नव्या वसाहती उठायला लागल्या तेव्हा त्यांनी हे छोटं दुमजली घर बांधलं. काकू मी येण्याआधीच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं.

"नवीन मासा आणला," काका चहा देत म्हणाले, "की पहिल्या दिवशी दिवा लावायचा नाही. घाबरतो. त्याला आधी एवढंच कळू द्यायचं की बाबा, इथं पाणी आहे. बाकीचं सगळं नंतर."

"आणि भाडेकरू?" मी विचारलं.

"भाडेकरू जास्त घाबरतात," ते म्हणाले.

मी हसले. ते हसले नाहीत. काका विनोद करत नसत, हे मला हळूहळू समजलं, आणि ते समजेपर्यंत मी बऱ्याच चुकीच्या ठिकाणी हसले.

नवा मासा टाकीत सोडायचा म्हणजे काकांच्या लेखी एक मोठं कार्य असे. दुकानातून मासा येतो प्लास्टिकच्या पिशवीत. ती पिशवी तोंड बांधलेलीच टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी सारखंच गार किंवा सारखंच कोमट होतं. मग तोंड सोडून टाकीतलं पाणी कपाने थोडं थोडं पिशवीत घालायचं. घातलं की थांबायचं. पुन्हा घालायचं, पुन्हा थांबायचं. यासाठी काकांचा एक खास कप होता, हवाई दलाच्या मेसमधून कधीकाळी आलेला, दांडा तुटलेला. सरतेशेवटी मासा जाळीने उचलून टाकीत सोडायचा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतायचं. ते टाकीत जाता कामा नये, कारण दुकानातली घाण आणि रोगराई त्यात असते. त्या दिवशी माशाला खायला घालायचं नाही. काचेवर टकटक करायची नाही. आणि हे सगळं होईपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. हा शेवटचा नियम मासे पाळणारे इतर लोक पाळत नाहीत. तो काकांनी स्वतः घातलेला होता.

यातला पिशवीतल्या पाण्याचा नियम त्यांनी मला फार कडकपणे लावला. मी नवी होते, घरची आठवण येत होती, आणि आठवण आली की मला बोलायला लागतं. "आमच्या नाशिकला या दिवसांत," असं मी सुरू केलं की काका शांतपणे हात वर करत आणि म्हणत, "पिशवीतलं पाणी, मॅडम." मी गप्प. द्राक्षं गेली, मिसळ गेली, थंडीतली गोदाघाटावरची सकाळ गेली. सगळं मोरीत. स्वतःच्या बाबतीतही त्यांनी हा नियम तितकाच पाळला होता. गाव कुठलं विचारलं तर "कोल्हापूरकडं" एवढंच उत्तर मिळायचं. कोल्हापूरकडचा माणूस आणि इतक्या वर्षांत मटणाबद्दल एक शब्द बोलला नाही, यावरून शिस्त किती कडक असेल ते पाहा. ते शेजाऱ्यांसारखी दाल खात, फुलके खात, हिवाळ्यात सरसों का साग खात, आणि कुणी पाठीमागून "अंकल जी" म्हटलं तर लगेच वळून पाहत.

काचेवर टकटक करायची नाही, म्हणून ते दारावरही टकटक करत नसत. घंटी त्यांनी दोन्ही मजल्यांची काढून टाकली होती. माझ्याकडे काम असलं की ते वर येऊन उघड्या दारात उभे राहत आणि मी बघेपर्यंत तसेच उभे राहत. एकदा मी कुकरच्या शिट्या मोजत वळले तर दारात काका. माझ्या हातातली पळी खाली पडली आणि मी किंचाळले. काका म्हणाले, "म्हणूनच मी वाजवत नाही. माणूस दचकतं."

मासे ते सेक्टर बावीसमधल्या एका सरदारजींच्या दुकानातून आणत. मी एकदोनदा बरोबर गेले आहे. काका दिसले की सरदारजी आतल्या नोकराला म्हणायचे, "अंकल जी आ गए. बत्ती मद्धम कर दे." मग काका एकेका टाकीसमोर वाकून उभे राहत. मासा कधी आला, कुठून आला, वाटेत किती हाल झाले, सगळं विचारत. आजच आलाय असं कळलं की सरळ उभे राहत. "थकी हुई है. मैं परसों आऊँगा." मला सरदारजी हळूच म्हणाले, "मैडम जी, बाकी लोग मछली खरीदने आते हैं. ये रिश्ता देखने आते हैं."

वसाहतीत कुणीही मासा आणला की काकांना बोलावणं जायचं, आणि नाही गेलं तर काका स्वतः जायचे. आमच्या गल्लीच्या टोकाला एक प्रॉपर्टी डीलर राहायचे. मोठा मनुष्य, आवाजही मोठा. त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता. गच्चीपासून फाटकापर्यंत दिव्यांच्या माळा, अंगणात डीजे, आणि निम्मं मुल्लानपूर जेवायला. मुलीच्या मामाने भेट म्हणून टाकी आणि दोन गोल्डफिश आणले, आणि तो ते पिशवीतल्या पाण्यासकट टाकीत ओतायला निघाला. काका तिथे पाहुणे म्हणूनच आले होते. त्यांनी मामाच्या हातातून पिशवी काढून घेतली.

"पहले बत्ती बंद," काका म्हणाले.

"अंकल जी, दो ही तो मछलियाँ हैं," डीलर म्हणाले.

"दो जानें हैं जी," काका म्हणाले.

आता, पंजाबी माणूस वडीलधाऱ्या फौजी माणसाला नाही म्हणत नाही. माळा विझल्या. डीजे थांबला. पाहुणे अंधारात खुर्च्या चाचपत बसले. काकांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला तो बिनदांड्याचा कप काढला. वाढदिवसाला जाताना तो त्यांनी खिशात का घातला होता, हे मी विचारलं नाही. कपभर पाणी गेलं की सगळं अंगण वाट बघत थांबायचं. वाढपी अंधारात पनीर टिक्का फिरवत होते, आणि पनीर समजून कुणीतरी आख्खी मिरची चावली, तर त्याच्या बायकोने त्याला "श्श" केलं. बऱ्याच वेळाने डीलर काकांजवळ येऊन, आपल्या मोठ्या आवाजात जितकं कुजबुजता येईल तितकं कुजबुजले, "अंकल जी, केक तो काट लें?"

"काटो," काका म्हणाले. "मोमबत्ती नहीं."

केक अंधारात कापला. 'हॅपी बर्थडे' सगळ्यांनी कुजबुजत म्हटलं. असं ते मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. पुढच्या वर्षी त्या मुलीने हट्ट धरला की मला अंधाराचाच बर्थडे हवा, म्हणून डीलरना पुन्हा मासे आणावे लागले. एवढं मात्र मान्य करायला हवं की काकांनी सोडलेला मासा सहसा दगावत नसे.

माशांच्या बाबतीत इतका बरोबर असणारा माणूस माणसांच्या बाबतीत केव्हा तरी चुकणार होताच. तो चुकला सख्ख्या बहिणीच्या वेळी.

मला तिथे काही वर्षं झाल्यावर एके दिवशी संध्याकाळी काका माझ्या दारात उभे राहिलेले मला दिसले. "बहीण येणार आहे," ते म्हणाले. "राहायला."

"किती दिवस?"

"राहायला," ते पुन्हा म्हणाले.

तुकड्या-तुकड्याने कळलं ते असं. काकांची मोठी बहीण, अक्का, लवकर विधवा झाली होती. मूल नव्हतं. तेव्हापासून ती गडहिंग्लजजवळच्या खेड्यात दिराच्या घरी राबत होती. आता दीरही गेले, पुतण्यांनी घर वाटून घेतलं आणि त्या वाटणीत अक्का कुणाच्याच वाट्याला आली नाही. भावाकडे जा, नाहीतर तालुक्याला वृद्धाश्रम आहे तिथे सोय करतो, असं त्यांनी तिला सांगितलं. काकांनी फोनवर "पाठवून द्या" म्हटलं होतं. हे शब्द ते मला सांगताना पुन्हा तसेच, आदेश वाचल्यासारखे म्हणाले. पण त्यांचा हात दाराच्या चौकटीवरून उगीचच खालीवर फिरत होता. त्यांना बहीण हवी होती. इतकी हवी होती की तिच्या न्हाणीघरात त्यांनी आदल्या दिवशीच बादल्या भरून ठेवल्या. नळाच्या पाण्यातला औषधाचा वास उडून जावा म्हणून ते माशांसाठी पाणी असंच ठेवत.

मागच्या खोलीचे पडदे ओढले गेले. बल्ब काढून मिणमिणता दिवा लावला गेला. मला ताकीद मिळाली की पहिल्या दिवशी खाली यायचं नाही, भेटायचं नाही, जिन्यावर चपला वाजवायच्या नाहीत.

"आणि जेवणाचं काय?" मी विचारलं.

"प्रवासाने पोट बिघडलेलं असतं," काका म्हणाले. "पहिल्या दिवशी नकोच."

मला वाटलं गंमत करतायत. मग आठवलं की ते गंमत करत नाहीत. पण तोवर ते खाली गेले होते.

अक्का आल्या त्या दिवशी थंडी सुरू झाली होती. काका त्यांना स्टेशनवरून घेऊन आले, आणि मी ताकीद पाळून जिन्याच्या वळणावरून पाहत होते. नऊवारी लुगडं, त्यावर पुरुषी स्वेटर, काखेत बोचकं, हातात डब्याची पिशवी. काका कुलूप उघडून आत गेले. अक्का उंबऱ्याबाहेर थांबल्या.

त्या का थांबल्या ते मला वरून लगेच कळलं. आपल्याकडे लांबून माणूस आलं की त्याला दारातच उभं करतात, भाकरीचा तुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळून बाहेर टाकतात, डोळ्यांना पाणी लावतात आणि मग आत घेतात. घरात बाईमाणूस नसेल तर घरातला पुरुष करतो, तुकडा शिळा असला तरी चालतो, पण करतात. भावाचं घर म्हणजे अक्कांचं उरलेलं माहेर. दोन दिवसांचा प्रवास करून त्या माहेरच्या दारात उभ्या होत्या आणि आपल्यावरून तुकडा ओवाळला जाण्याची वाट पाहत होत्या.

काका आत, टाकीच्या शेजारी, हात मागे बांधून उभे होते. नव्या जागी कुणीही आधी दाराशीच थांबतं, त्याला बोलवायचं नाही, ओढायचं नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. बहीण अजून घाबरलेली आहे असं वाटून त्यांनी बैठकीतला होता तोही दिवा घालवला.

बऱ्याच वेळाने अक्का स्वतःच आत गेल्या. मग मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"घरात कुनी गेलंय का रं?"

"नाही," काका म्हणाले.

"मग दिवा का न्हाई?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

रात्री अक्कांना पाण्याचा तांब्या आणि एक केळं मिळालं, तेही बहुधा काकांनी नियम थोडा सैल करून दिलं असावं. त्यांनी येताना डब्यातून भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि घरचं तिखट आणलं होतं. काकांनी तो डबा घेतला आणि "हे नंतर" म्हणून वरच्या फळीवर ठेवून दिला. पुढच्या दिवसांत जेवण मिळायला लागलं, डाळ आणि फुलके, पण बोलणं मिळेना. अक्का गावाकडचं काही सांगायला लागल्या, कुणाचं लग्न झालं, कुणाची विहीर आटली, की काका म्हणायचे, "ते राहू दे आता, अक्का." भावाला भेटून जन्मभराचं साठलेलं बोलायचं म्हणून आलेली बाई मिणमिणत्या दिव्याखाली मांडीवर हात ठेवून बसून राहायची. काका दर थोड्या वेळाने दारातून डोकावून तिला बघून जायचे, आणि काही न बोलता टाकीकडे परतायचे.

एका दुपारी अक्का कठडा धरत धरत माझ्याकडे वर आल्या. मी पोहे केले. त्यांनी बशी पुसून खाल्ली आणि गुलाबी फरशीकडे बघत बसल्या. कोल्हापूरकडच्या बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल 'जातो, खातो' असंच बोलायच्या.

"मी परत जातो, पोरी," त्या म्हणाल्या. "मोबाइलवर तिकीट निघतं म्हनं. तेवढं काढ."

"परत कुठे जाणार, अक्का?"

"त्या आश्रमात. तिथं दोन वक्ताला जेवाया घालत आसतील, दिवा लावत आसतील." मग म्हणाल्या, "पुतन्यांनी घालवलं ते तोंडावर तरी घालवलं. ह्यो बोलत न्हाई. दिवा घालवून बसतो. मी आलो तवा दारात हुबा ऱ्हायलो. भाकरीचा तुकडा बी न्हाई काढला माझ्यावरनं."

त्या रडल्या नाहीत. मलाच रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी चपला मुद्दाम वाजवत खाली गेले. काका टाकीसमोर बसले होते.

"काका, अक्कांना वाटतंय की त्या तुम्हाला नको आहेत."

"रंग उतरलाय तिचा," काका टाकीतून नजर न काढता म्हणाले. "मी बघतोय. अजून वेळ दिला पाहिजे."

"काका, त्या मासा नाहीत."

"माहीत आहे मॅडम," ते म्हणाले. "माशाचं मला कळतं. म्हणून तसं केलं."

"मग त्यांना तोंडाने सांगा ना. राहा म्हणून सांगा. एवढंच हवंय त्यांना."

"सांगून कुणी राहत नाही," काका म्हणाले, आणि भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे त्यांनी हनुवटी वळवली. "हिला सांगितलं होतं."

चपला न वाजवता मी वर गेले आणि तिकीट काढलं. नेहमी मला वेटिंग मिळतं. नेमकं या वेळी पक्कं मिळालं.

काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच ठरलेलं होतं. अक्का म्हणाल्या, "डोळा तेवढा हू दे. मग जातो." म्हणून तिकीट ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसाचं होतं. मी काकांना तसं सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि टाकीतलं पाणी बदलायला उठले. ते पाणी त्यांनी आदल्याच दिवशी बदललेलं होतं.

ऑपरेशनला मी बरोबर गेले. सगळं सुरळीत झालं. डोळ्यावर पट्टी, त्यावर काळा चष्मा, आणि तरुण डॉक्टरची सूचना की आज प्रखर उजेडात जायचं नाही, आराम करायचा आणि डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. काकांनी या सूचना मान हलवत ऐकल्या. परत येताना ऑटोत ते सरळ ताठ बसले होते. दुसरा डोळाही त्यांचा फारसा कामाचा नव्हता.

"तिकीट कन्फर्म आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

शहर मागे पडलं. अर्धवट बांधलेल्या इमारती सुरू झाल्या. "कुठे आलो?" काकांनी विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी माझ्या स्वेटरची बाही धरली. इतक्या वर्षांत या माणसाने मला कधी स्पर्श केला नव्हता. बाही त्यांनी घरापर्यंत सोडली नाही.

ऑटो फाटकाशी थांबला आणि मी घराकडे पाहतच राहिले. खालच्या मजल्यावरचे सगळे पडदे काढून, धुवून दोरीवर टाकलेले होते. दिवसाउजेडी घरातला एकूण एक दिवा लागलेला होता. मिणमिणत्या दिव्याच्या जागी अक्कांनी कुठून तरी मोठा बल्ब पैदा केला होता. भाकरीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. दुसऱ्या दिवशी जाणारी बाई घर आवरून जायचं म्हणून सकाळपासून कंबर कसून लागली होती.

काका माझ्या बाहीला धरून पायरी चढले आणि उंबऱ्यावर पाऊल ठेवणार तोच आतून आवाज आला.

"तितंच थांब."

काका थांबले. अक्का पदराला हात पुसत आल्या, एका हातात भाकरीचा तुकडा, एका हातात तांब्या. त्यांनी तुकडा काकांच्या डोक्यावरून पायापर्यंत ओवाळला, मोडून उजवीकडे टाकला, डावीकडे टाकला. पायांवर पाणी घातलं. मग ओली बोटं त्यांच्या डोळ्यांकडे नेली.

"अक्का, त्या डोळ्याला पाणी नको," मी घाईने म्हणाले.

"मला कळतंय," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या डोळ्याला पाणी लावलं. "ये आत."

काका आत गेले नाहीत. हात बाजूला सोडून ते दारातच उभे राहिले. मला वाटलं, त्यांना उंबरा दिसत नसावा. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. त्यांच्या गालावर पाणी होतं, आणि ते अक्कांनी लावलं त्यापेक्षा जास्त होतं.

"अक्का," ते म्हणाले. हवाई दलातलं, चंदीगडातलं, मला माहीत असलेलं कुठलंच मराठी ते नव्हतं. "अक्का, तू जाऊ नगंस. मला करमत न्हाई गं हितं."

अक्कांनी तांब्या खाली ठेवला आणि भावाचं मनगट धरलं.

"आधी आत तर ये," त्या म्हणाल्या. "भाकरी गार हुतीया."

ती दोघं आत गेली. मी ऑटोवाल्याला पाठवून दिलं, वर गेले आणि तिकीट रद्द केलं. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं.